मेंब्रेनचा पंचनामा

आरओचं मेंब्रेन आपण स्वतःच बदलायचं, असं हेडक्लार्कांनी गुरुवारी सकाळी दात घासताना ठरवलं. दात घासताना माणसानं काही ठरवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तोंडात फेस असल्यामुळे कोणाचा सल्ला घेता येत नाही आणि चूळ भरेपर्यंत बेत पक्का झालेला असतो.

तसं कारणही घडलं होतं. स्वयंपाकघरातलं पाणी शुद्ध करायचं मशीन दोन महिने नुसतं गुरगुरत होतं. पाण्याची चव उतरली होती आणि टाकी भरायला दीड तास लागत होता. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "मेंब्रेन गेलंय साहेब. आतली ती पांढरी गुंडाळी हो, पाणी तिच्यातूनच तर गाळून निघतं. बदलावी लागेल. सोमवारी येतो."

आणि सासरे शनिवारी यायचे होते.

दुसऱ्या कोणाचे सासरे असते तर सोमवारपर्यंत कळ काढता आली असती. पण हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं काढलेले. खात्यात त्यांना सगळे 'मीटर' म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणत. पाण्याचा एक घोट घ्यायचा, तो जिभेवर क्षणभर फिरवायचा, डोळे मिटायचे आणि ते पाणी कुठल्या टाकीचं, कुठल्या पाइपातून आलेलं, औषध किती वाजता घातलेलं, हे सांगून मोकळं व्हायचं. एकदा ते एवढंच म्हणाले होते, "उत्तरेच्या टाकीचं पाणी आहे. तिसऱ्या व्हॉल्व्हचं रबर सडलंय." तीन इंजिनिअर यंत्रं घेऊन टाकीत उतरले, अर्धा दिवस खपले आणि वर आले ते सडलेलं रबर हातात घेऊनच. मीटरनी त्याची कधी फुशारकी मारली नाही. तेव्हाही त्यांनी ओठ पुसले आणि "बदलून घ्या" म्हणून पुढच्या कामाला लागले. अशी माणसं आता होत नाहीत. (पूर्वीही फारशी होत नसावीत.)

निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण खात्यानं एक रिवाज सोडला नव्हता. नवी टाकी सुरू करायची तर पहिला पेला मीटरनी प्यायचा. ते "हं" म्हणाले की मगच चावी फिरायची. शहरातल्या सगळ्यांत मोठ्या टाकीसाठी त्यांना बुधवारी अकरा वाजता बोलावलं होतं, आणि त्यासाठीच ते चार दिवस आधी लेकीकडे राहायला येत होते.

ही लेक म्हणजे हेडक्लार्कांची बायको. पुढच्या खोलीत तिचा शिवणाचा क्लास होता आणि बारा जणी तिच्याकडे शिकायला येत, म्हणून सगळा परिसर तिला 'बाई' म्हणे. आपणही बाईच म्हणू. वडिलांची जशी जीभ, तशी बाईंची नजर. समोरून चालत गेलेल्या माणसाची बाही पाव इंच आखूड आहे, हे त्या मागून सांगत. असल्या बापलेकींच्या घराण्यात जावई म्हणून वावरणं सोपं नसतं. त्यातून नवऱ्याच्या बाबतीत बाईंच्या तोंडी बावीस वर्षं एकच वाक्य होतं, "तुम्ही हात लावू नका."

वाक्य अन्यायाचं होतं असं मात्र म्हणता येणार नाही. हेडक्लार्कांनी मोरीतला नळ दुरुस्त केला, तेव्हापासून तो पूर्वी गळत नव्हता तिथूनही गळू लागला. दाराची घंटी त्यांनी दुरुस्त केली, तेव्हापासून ती फक्त दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येते. ऑफिसात मात्र हाच माणूस आवक-जावक विभागाचा राजा होता. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद हरवला नव्हता. साहेब त्यांचा दाखला नव्या लोकांना देत. पण साहेबांच्या दाखल्यानं पोट भरत असलं तरी मन भरत नाही. बायकोच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'छान केलंत' एवढे दोन शब्द ऐकावेत, ही त्यांची जुनी इच्छा होती.

गुरुवारी बाई अस्तराचं कापड आणायला बाजारात गेल्या. हेडक्लार्कांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, दुकानातून मेंब्रेन आणलं आणि बाह्या सरसावल्या.

दुकानदारानं विचारलं होतं, "बसवायला माणूस देऊ का साहेब?"

"आम्ही कोण दिसतो तुम्हाला?" हेडक्लार्क म्हणाले.

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्या सूचना दोनदा सांगितल्या.

आता ऑफिसातली त्यांची एक शिस्त होती. कुठलाही कागद जागचा हलवायचा तर आधी तो कुठे, कसा, कोणाच्या शेजारी होता, याची लेखी नोंद करायची. आधी पंचनामा, मग हालचाल. मशीन भिंतीवर टांगलेलं, आणि नळ्या सगळ्या त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला. मशीन आणि भिंत यांच्यात जेमतेम चार बोटांची फट. तिथे डोकं शिरणं शक्य नव्हतं. (त्यांनी प्रयत्न केला. कानाला खरचटलं.) तेव्हा त्यांनी आपला दाढीचा आरसा आणला, फटीत धरला, टॉर्च दातांत पकडला आणि आरशात बघून फुलस्केप कागदावर पाठीमागच्या नळ्यांचा सुरेख नकाशा काढला. मेंब्रेनच्या डब्यातून पांढऱ्या रंगाच्या, एकाच जाडीच्या दोन नळ्या निघत होत्या. एकीतून शुद्ध पाणी वरच्या टाकीत जायचं, दुसरीतून उरलेलं जड पाणी बाहेर फेकलं जायचं. नकाशात त्यांनी लिहिलं, 'डावी नळी: टाकीकडे. उजवी नळी: बाहेर.' खाली तारीख, सही आणि 'प्रत्यक्ष पाहणीवरून' असा शेरा मारला. मग त्याची एक प्रतही काढली.

(वाचकांच्या काही लक्षात आलं असेल तर त्यांनी कृपा करून गप्प बसावं. हेडक्लार्कांच्या लक्षात यायला अजून सहा दिवस आहेत.)

यापुढचं काम त्यांनी जे केलं, त्याला खरोखर तोड नाही. पाण्याची चावी बंद केली, वायर काढली, मशीन उतरवून जेवणाच्या टेबलावर पालथं घातलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. नळ्या सोडवल्या. पाना लावून डब्याचं झाकण फिरवलं, जुनं मेंब्रेन ओढून काढलं. ते बिचारं चहाच्या रंगाचं झालं होतं. नवीन गुंडाळी पांढरीशुभ्र. तिची बारीक रबरी कडी असलेली बाजू आधी आत, हे त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं. झाकण घट्ट बसवलं. मग नकाशा समोर उभा केला आणि मशीनच्या उघड्या पाठीकडे बघत, नकाशाबरहुकूम, डावी नळी टाकीची म्हणून जोडली आणि उजवी बाहेरची म्हणून. मशीन पुन्हा भिंतीवर टांगलं. पहिल्या दोन टाक्या ओतून द्यायच्या असतात, त्या ओतल्या. एक थेंब गळला नाही. हेडक्लार्क दहा मिनिटं मशीनसमोर नुसते उभे राहिले. आपल्या हातून झालेलं काम गळत नाही, हे दृश्य त्यांना नवीन होतं.

बाई आल्या आणि दारातच थांबल्या. "तुम्ही हात लावलात?"

"मेंब्रेन बदललं," हेडक्लार्क शक्य तितक्या सहजपणे म्हणाले.

बाईंनी आधी जमीन पाहिली. कोरडी होती. मग छत पाहिलं. मग नवऱ्याचे दोन्ही हात पाहिले. सगळं जिथल्या तिथे होतं. "बरं," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत 'बरं' हाही उच्चांकच होता.

या घराचा एक नियम इथे सांगायला हवा. मशीनमधून बाहेर फेकलेलं पाणी बाई वाया जाऊ देत नसत. ओट्याखाली निळी बादली असे, तीत ते साठायचं. त्यावर फरशी पुसली जायची, गॅलरीतल्या कुंड्यांना ते मिळायचं, आणि क्लासमधल्या वाफेच्या इस्त्रीतही तेच भरलं जायचं. 'माणसांना चांगलं, वस्तूंना चालेल ते,' असा बाईंचा सरळ हिशेब होता.

शुक्रवारपासून चमत्कार सुरू झाले. पूर्वी टाकी भरायला दीड तास लागायचा, ती आता अर्ध्या तासात काठोकाठ भरू लागली. पूर्वी एका टाकीमागे निळी बादली दोनदा भरायची, ती आता अर्धीसुद्धा भरेना. हेडक्लार्कांनी घड्याळ लावून, पट्टीनं मोजून दोन्ही आकडे फायलीत घातले.

"पाहिलंस का? वेळ एक तृतीयांश आणि पाण्याची नासाडी जवळजवळ बंद! कंपनीच्या माणसालाही असं जमत नाही."

"मेंब्रेन चांगलं निघालं म्हणायचं," बाई म्हणाल्या.

"मेंब्रेन सगळ्यांना सारखंच मिळतं. बसवण्यात फरक असतो," हेडक्लार्क म्हणाले. आणि या एका वाक्यात ते अगदी खरं बोलले.

मग फरशी पुसायला येणाऱ्या मावशी बोलल्या. या मावशी सहसा फक्त तक्रारीसाठी तोंड उघडत. "काय केलंत हो साहेब? फरशीवर पांढरे डाग राहायचे ना, ते गेले. तोंड दिसतंय बघा तिच्यात!" कुंड्यांमधल्या झाडांच्या पानांची टोकं वर्षभर करपलेली असायची, तिथे हिरवे कोंब दिसू लागले. इस्त्री गडद कापडावर पांढरी भुकटी थुंकायची, ती थुंकायची थांबली. सगळं घर हेडक्लार्कांकडे आदरानं बघू लागलं.

चहावर तेवढी साय नसताना सायीसारखा तवंग येऊ लागला, हे खरं. बाईंनी चहाची पावडर बदलली. कडधान्य शिजेना, तेव्हा वाण्याला बोल लावले. पाणी जिभेला थोडं जाड लागतंय, असं त्या एकदा म्हणाल्या. त्यावर हेडक्लार्क म्हणाले, "नवं आहे. नव्या चपलेसारखं. चार दिवसांत रुळेल."

शनिवारी मीटर आले. सडपातळ बांधा, पांढरा सदरा, हातात एक छोटी पिशवी. लेकीनं पाण्याचा पेला पुढे केला. हेडक्लार्क फाईल काखेत घेऊन शेजारी उभे. मीटरनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटलेले ठेवले.

"जावईबापू, हे थेट नळाचं का?"

"छे छे! मशीनचं. नवं मेंब्रेन, परवाच बसवलंय. मी स्वतः."

मीटरनी दुसरा घोट घेतला. "जड आहे हो. नळापेक्षाही जड. क्षार आठशेच्या पुढे."

हेडक्लार्कांनी नम्रपणे फाईल उघडली. नकाशा दाखवला, सही दाखवली, टाकीची वेळ आणि बादलीची मापं दाखवली. मावशींची साक्ष काढली. बाईंनी चकचकीत फरशी दाखवली. मीटरनी सगळी फाईल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, लिखित कागदापुढे त्यांची मान आपोआप खाली जायची.

"नाही, काम नेटकं आहे," ते हळूच म्हणाले. "कागद काही खोटं बोलणार नाही. मग जीभच थकली म्हणायची."

हे ते हसत म्हणाले, म्हणून त्या दिवशी कोणी मनावर घेतलं नाही. पण रविवारी जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत. एरवी भाजीत मीठ चिमूटभर कमी असलं तरी ते लेकीला खूण करत. सोमवारी त्यांनी भाजीची वाटी लेकीपुढे सरकवली आणि म्हणाले, "मीठ बरोबर आहे का गं? तूच बघ. मला आता कळत नाही." पाणी प्यायचं झालं की ते भिंतीकडे तोंड करून, औषध घ्यावं तसं एका दमात पिऊन टाकत.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी पिशवी भरायला घेतली. "उद्या नऊ वाजता इंजिनिअरसाहेबांना फोन करतो, म्हणावं दुसरं कोणी बघा. गावभर पाणी जाणार त्या टाकीचं. ज्या जिभेला मशीनचं पाणी आणि बोअरचं पाणी यातला फरक कळत नाही, तिनं 'हं' म्हणायचं आणि लोकांनी ते प्यायचं? नाही बेटा. मीटर बिघडला की काढून ठेवावा."

बाईंनी ओट्याकडे वळून उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. हेडक्लार्कांनाही वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. सासऱ्यांचा धाक होता, पण त्याहून जास्त अभिमान होता. ऑफिसात ते मित्रांना त्या सडलेल्या रबराची गोष्ट दर दोन महिन्यांनी सांगत. (चौथ्यांदा सांगताना एका व्हॉल्व्हचे सात झाले होते.) पण वय कोणाला चुकलंय, असं त्यांनी मनाला समजावलं.

शिवाय त्यांच्या मनाला त्या दिवशी दुसरंही एक काम होतं. दुपारी क्लासमध्ये बाईंनी एका गिऱ्हाइकाचा गडद निळा कोट इस्त्री केला, उजेडात धरला, एकही पांढरा ठिपका नाही असं पाहिलं आणि बारा विद्यार्थिनींच्या देखत, दारातून जाणाऱ्या नवऱ्याला त्या म्हणाल्या, "छान केलंत हो." हेडक्लार्क तिथून पुढे चालत गेले की तरंगत, हे त्यांना आठवत नाही. संध्याकाळी त्यांनी नकाशाची दुसरी प्रत मोरीसमोरच्या भिंतीवर चिकटवली.

बुधवारी सकाळी पावणेनऊला ते दाढीला बसले. मोरीच्या खिडकीत तोच दाढीचा आरसा, गालांना साबण, आणि पाठीमागच्या भिंतीवर आपला नकाशा. अर्धी दाढी झाली होती. आरशात आपल्या मागचा नकाशा दिसतोय, हे पाहून त्यांना बरं वाटलं, आणि तो पुन्हा एकदा वाचावासा वाटला. पण वाचता येईना. अक्षरं सगळी उलटी. साहजिकच आहे, आरशात ती उलटीच दिसणार, असं म्हणून त्यांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला.

वस्तरा गालावरच थांबला.

आरशात अक्षरं उलटी दिसतात. आरशात नकाशातली डावी नळी उजवीकडे दिसतेय. आणि तो नकाशा आपण काढला होता कशात बघून?

एका गालाला साबण तसाच ठेवून हेडक्लार्क स्वयंपाकघरात धावले, ओट्याखालची निळी बादली ओढली, पेला बुडवला आणि तोंडाला लावला. पाणी गोड होतं. बावीस वर्षांत या घरात इतकं गोड पाणी त्यांनी प्यायलं नव्हतं.

"अगं बाई गं!" फडकं घेऊन आलेल्या मावशी दारात किंचाळल्या. "साहेब फरशीचं पाणी प्यायले!"

"गप्प बसा हो मावशी," हेडक्लार्क कुजबुजले. "फरशीचं पाणी आपण सगळेच पितोय. म्हणजे उलट. म्हणजे तुम्ही थांबा जरा."

आता सगळा उलगडा झाला. मशीन फेकतं जास्त आणि शुद्ध देतं कमी, म्हणून तर टाकी भराभर भरत होती आणि बादली रिकामी राहत होती. पाच दिवस घरातली माणसं फेकायचं पाणी पीत होती आणि फरशी, कुंड्या नि इस्त्री नव्या मेंब्रेनचं पाणी पीत होती. मीटरनी पहिल्याच घोटाला सांगितलं होतं, नळापेक्षाही जड. जीभ बरोबर होती. खोटा होता तो सहीशिक्क्याचा कागद.

मनुष्यस्वभाव कसा असतो बघा. पहिला विचार त्यांच्या मनात आला तो असा, की नळ्या बदलायला पाच मिनिटं लागतील. गुपचूप बदलल्या तर कोणाला पत्ता लागणार नाही. 'पाणी रुळलं' म्हणता येईल. 'छान केलंत' जागच्या जागी राहील. हात मशीनकडे गेलासुद्धा.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मीटरचा आवाज आला. "हॅलो, इंजिनिअरसाहेब आहेत का? ... हो, थांबतो मी."

तो आवाज इतका लहान होता, की हेडक्लार्कांचा हात खाली आला. सव्वीस वर्षांत एक कागद हरवला नाही असं आपण मिरवतो, आणि या माणसाची जीभ आपण पाच दिवसांत हरवून बसलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन पेले घेतले, एक मशीनच्या नळाखाली भरला, दुसरा बादलीत बुडवला, आणि साबणाच्या तोंडानं बाहेर येऊन सासऱ्यांपुढे उभे राहिले.

"बाबा, फोन ठेवा. आधी हे दोन घोट घ्या."

"आता कशाला जावईबापू? राहू द्या."

"घ्याच. तुम्हाला माझी शपथ."

मीटरनी जावयाच्या अर्ध्या पांढऱ्या तोंडाकडे पाहिलं. असा माणूस थट्टा करत नसतो. त्यांनी पहिला घोट घेतला. "तेच ते. आठशे पन्नास." मग दुसरा पेला उचलला, घोट घेतला, डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या कडा हळूहळू ओल्या झाल्या.

"हे कुठलं पाणी आहे?" ते म्हणाले. "चाळीसच्या आतलं आहे. नवं मेंब्रेन, आठवडाही झाला नसेल त्याला."

"सहावा दिवस आहे," हेडक्लार्क म्हणाले. "पहिलं पाणी आपल्या पिण्याच्या नळाचं. दुसरं फरशी पुसायच्या बादलीतलं. नळ्या उलट्या जोडल्यात. नकाशा मी आरशात बघून काढला होता. तुमची जीभ बरोबर होती बाबा, आणि मी तुम्हाला फाईल दाखवली."

टेलिफोनमधून बारीक आवाज येत होता, "हॅलो? मीटरसाहेब? हॅलो?" दारात बाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे मावशी आणि मावशींमागे लवकर आलेल्या तीन विद्यार्थिनी. (फजितीला प्रेक्षक कमी पडत नाहीत.)

मीटर आधी गालातल्या गालात हसले, मग खांदे हलवून हसले, आणि शेवटी पेला टेबलावर ठेवावा लागला इतके हसले. मग त्यांनी फोन कानाला लावला. "इंजिनिअरसाहेब? काही नाही, वेळेवर येतो एवढंच सांगायचं होतं. आणि तिसरा व्हॉल्व्ह धुऊन ठेवा."

हेडक्लार्कांनी बायकोकडे बघायचं टाळलं. पण बाईच पुढे आल्या. त्यांनी पदरानं त्यांच्या कानावरचा साबण पुसला. "गुपचूप बदलल्या असत्यात नळ्या, तर आम्हाला कळलंही नसतं," त्या म्हणाल्या.

"हो. तसं आलं होतं मनात."

"हे मात्र छान केलंत," बाई म्हणाल्या. या वेळी आवाज लहान होता आणि बारा जणीही नव्हत्या, पण मंगळवारचं 'छान' याच्यापुढे काहीच नव्हतं, असं हेडक्लार्क आजही सांगतात.

टाकीवर ते सासऱ्यांबरोबर गेले. पुराव्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून 'अ' आणि 'ब' अशा चिठ्ठ्या लावलेल्या दोन बाटल्याही त्यांनी नेल्या. खात्याच्या यंत्रानं 'अ'ला आठशे पस्तीस दाखवले आणि 'ब'ला अडतीस. मीटर म्हणाले, "पहिल्यात पंधराचा फरक येतोय. यंत्र तपासून घ्या." यंत्र तपासलं. वरच्या आकड्यांना ते पंधरानं चुकत होतं. मग मीटरनी नव्या टाकीचा पहिला पेला उचलला, सगळी मंडळी श्वास रोखून उभी राहिली, आणि डोळे उघडून ते म्हणाले, "हं." चावी फिरली. हेडक्लार्कांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. लोक त्यांच्याकडे फार आदरानं बघत होते. आपली अर्धी दाढी तशीच राहिली आहे, हे त्यांना घरी आल्यावर कळलं.

नळ्या त्या संध्याकाळी मीटरनी स्वतः, हातानं चाचपून, कुठलाही कागद न बघता जोडल्या. चहावरचा तवंग गेला, कडधान्य शिजू लागलं. पण तिसऱ्या दिवशी फरशीवर पांढरे डाग आले, इस्त्री पुन्हा थुंकू लागली, आणि मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, साहेबांना सांगा ना, ते पुन्हा एकदा दुरुस्त करा म्हणावं."

जाण्यापूर्वी मीटरनी फाईल मागून घेतली आणि नकाशाखाली लाल शाईनं शेरा लिहिला, 'चाखून पाहिले. नकाशा रद्द. आरसा जप्त करावा.' लेखी हुकूम होता, त्यामुळे हेडक्लार्कांनी तो मुकाट्यानं पाळला. आरसा आता शिवणाच्या क्लासमध्ये असतो आणि ते अंदाजानं दाढी करतात. एका गालावर थोडी राहून जाते. डाव्या गालावर, असं ते सांगतात. आम्ही पाहिलं, ती उजव्या गालावर असते.